शाळेचा जिना
(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



हीरक महोत्सव हा मोजदादीचा काळ असतो. साठ वर्षांत किती विद्यार्थी शिकून गेले, किती गुणवत्ता यादीत आले, किती वर्गखोल्या उभ्या राहिल्या, कोणकोणत्या मोठ्या पदांवर शाळेचे नाव गेले, याची नोंद स्मरणिकेत होते आणि ती व्हायलाही हवी. एक नोंद मात्र कोणत्याच अहवालात सापडत नाही. रोज सकाळी घरून निघालेले मूल संध्याकाळी जसे गेले तसेच परत आले, ही ती नोंद. प्राथमिक शाळेचे पहिले काम हेच आहे. बाराखडी आणि पाढे त्यानंतर येतात. हे काम चोख झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. ते एकदाच चुकले तर काय होते, हे तमिळनाडूतील एका गावाने २००४ साली पाहिले. त्या गावाचे नाव कुंभकोणम्.

मराठी माणसाला हे गाव परके नाही. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरास मराठी राज्य स्थापन केले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. कावेरीकाठचे कुंभकोणम् त्याच मुलखातले. आजही तिथल्या जुन्या घरांतून तमिळच्या वळणाची गोड मराठी बोलली जाते. सरफोजीराजांच्या काळात ओरत्तनाडूच्या मुक्तांबा छत्रात वाटसरूंना अन्न मिळे, तसेच मुलांना विद्याही मिळे. एकाच छपराखाली चूल आणि पाटी, ही कल्पना त्या प्रांतात मध्यान्ह भोजनाच्या योजनेपेक्षा कितीतरी जुनी आहे.

याच कुंभकोणमात १८२८ साली सर टी. माधवराव जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. बडोद्यात तरुण सयाजीरावांना राज्यकारभाराचे धडे देणारी त्यांची व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने आली. त्याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सक्ती हा शब्द इथे नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. राजा किंवा सरकार जेव्हा आईबापांना सांगते की मूल शाळेत पाठवलेच पाहिजे, तेव्हा त्या आज्ञेतच एक हमी दिलेली असते. मूल मागून घेणाऱ्याने ते सांभाळून परतही द्यायचे असते. सव्वाशे वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणात ही हमी बहुधा न बोलता गृहीत धरली गेली, आणि गृहीत धरलेल्या गोष्टीची तपासणी कोणी करत नाही.

शुक्रवार, १६ जुलै २००४. कुंभकोणमच्या कासीरामन रस्त्यावरील एका खाजगी इमारतीत सकाळचे वर्ग भरले होते. एकाच व्यवस्थापनाच्या एकाहून अधिक शाळा त्या एका इमारतीत चालत. प्राथमिक वर्गांची मुले वरच्या मजल्यावर, शाकारलेल्या छपराखाली दाटीवाटीने बसली होती. दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक सुरू होता. स्वयंपाकघराची ठिणगी छपराला लागली आणि वाळलेल्या शाकारणीने ती क्षणात पसरवली. खाली उतरायला अरुंद जिना होता. जळते छप्पर बांबूंसकट मुलांच्या अंगावर कोसळले. ९४ मुले गेली. त्यांतली बहुतेक पहिली ते पाचवीच्या वयाची होती.

त्या वर्षाची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कुंभकोणमात दर बारा वर्षांनी महामहम भरतो आणि तेथील तीर्थकुंडात लाखो लोक स्नान करतात. १९९२ च्या महामहमात चेंगराचेंगरी होऊन अनेक भाविक दगावले होते. पुढचा महामहम २००४ च्या मार्चमध्ये आला. लाखोंची गर्दी कोठून आत यावी, कोठून बाहेर पडावी याचा विचार ज्या गावाला करावा लागला, त्याच गावात चार महिन्यांनी शंभराहून अधिक मुलांना एका जिन्यावरून उतरवता आले नाही. मोठ्या उत्सवाची काळजी गाव घेते, कारण तो बारा वर्षांनी एकदा येतो. शाळा रोज भरते, म्हणून तिच्या जिन्याकडे कोणी पाहत नाही.

अशा प्रसंगी ‘दुर्दैव’ हा शब्द लवकर ओठांवर येतो. तो शब्द किती अपुरा होता हे खटल्याने दाखवले. तो निकाली निघायला दहा वर्षे लागली. ३० जुलै २०१४ रोजी तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले व अकरा जणांची मुक्तता केली. दोषी ठरलेल्यांत संस्थापक होते, व्यवस्थापन पाहणारे होते, मुख्याध्यापिका होत्या. भोजनाची व्यवस्था पाहणाऱ्या आणि स्वयंपाक करणाऱ्या बाई होत्या. शिक्षण खात्याचे अधिकारी होते आणि इमारतीच्या सुरक्षिततेचा दाखला देणारे अभियंते होते. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांतील अनेकांना दोषमुक्त केले आणि संस्थापकांची जन्मठेप भोगलेल्या कैदेपुरती कमी केली. कायद्याच्या मापाने दोष कोणाचा व किती, हा न्यायालयाचा विषय. परंतु ती यादी शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाने एकदा सावकाश वाचावी अशी आहे. आग लावणारा असा त्या यादीत कोणीही नाही. छप्पर पक्के करण्याचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलणारा, चूल वर्गाजवळ ठेवू देणारा, पटावर आणखी मुले घेणारा, कागदावर सही करणारा, अशी साधी, ओळखीची माणसे तिथे आहेत. यांतले कोणतेही एक काम त्या दिवशी नीट झालेले असते, तर त्या सकाळी फार तर एक स्वयंपाकघर जळाले असते.

त्या आगीनंतर सर्वोच्च न्यायालयात अविनाश मेहरोत्रा यांनी याचिका दाखल केली. १३ एप्रिल २००९ रोजी तिचा निकाल लागला. शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क सामावलेला आहे, असे न्यायालयाने मानले. देशातील प्रत्येक शाळेत अग्निशमनाची साधने असावीत, इमारतीत ज्वालाग्राही वस्तू ठेवू नयेत, बांधकाम राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे असावे, कर्मचाऱ्यांना ती साधने वापरण्याचे शिक्षण मिळावे, असे आदेश दिले गेले. सक्तीच्या आज्ञेत दडलेली जी हमी आतापर्यंत कोणी बोलून दाखवली नव्हती, ती त्या दिवशी कायद्याच्या भाषेत लिहिली गेली. तिची किंमत कुंभकोणमच्या आईबापांनी आधीच मोजली होती.

आग दिसते. धूर दिसतो, आरडाओरडा ऐकू येतो, लोक धावतात. शाळेतील काही संकटे मात्र धुरावाचून येतात, आणि त्यांची पहिली खूण बहुधा एखाद्या लहान आवाजात उमटते. १६ जुलै हीच तारीख नऊ वर्षांनी, २०१३ मध्ये, बिहारमध्ये पुन्हा काळी झाली. सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजनातून कीटकनाशक पोटात गेले आणि २३ मुले दगावली. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी तेलाविषयी शंका काढली होती, मुलांनी चवीविषयी तक्रार केली होती, असे त्या वेळच्या वृत्तांतांतून पुढे आले. धोक्याची सूचना मिळालीच नाही असे तिथे झाले नाही. सूचना देणारी माणसे स्वयंपाकीण आणि मुले होती, आणि शाळेच्या उतरंडीत ती सर्वांत खाली बसतात. त्यांचे बोलणे वरपर्यंत पोहोचवणारा जिना तिथेही अरुंदच होता.

आणि ऑगस्ट २०२४. बदलापूर. शिशुवर्गातील दोन चिमुकल्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचे उघड झाले. आरोप शाळेतील कंत्राटी सफाई कर्मचाऱ्यावर होता. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे कित्येक तास रोखून धरली. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. त्या संतापाचे मूळ केवळ कृत्यात नव्हते. लेकरांच्या आईबापांना दाद मिळायला उशीर झाला, ही भावना त्यामागे होती. घटनेची माहिती वेळेवर पोलिसांना दिली नाही, या कारणावरून संस्थेच्या विश्वस्तांवरही गुन्हा नोंदवला गेला.

येथे कायदा नेमका काय सांगतो, हे पालकांनी आणि शाळेने सारखेच जाणून घ्यायला हवे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे ज्याला सर्वजण पॉक्सो म्हणतात तो कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याची किंवा घडण्याची शक्यता असल्याची माहिती ज्याला असेल, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आधी शाळेने चौकशी करावी, खात्री पटली तर पुढे जावे, अशी मुभा त्यात नाही. खरेखोटे ठरवणे हे पोलिसांचे व न्यायालयाचे काम. शाळेचे काम कळवण्याचे. न कळवणाऱ्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाचा अपराध दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा, आणि मुलाची ओळख उघड होऊ नये, हेही त्याच कायद्यात आहे. ‘पोलिसांत गेले की लेकराची धिंड निघेल’ या भीतीने गप्प बसणाऱ्या पालकांना हे कोणीतरी आधीच सांगून ठेवायला हवे.

कायदा स्पष्ट असूनही शाळा का अडखळतात? याचे उत्तर आजच्या समारंभाच्या अगदी जवळ आहे. त्याचे नाव आहे शाळेची अब्रू. जितकी शाळा जुनी, तितकी तिची अब्रू मोठी आणि ती सांभाळण्याची धडपडही मोठी. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे व्यवहारात खरे असेल. शाळेत त्या मुठीत एखादे मूल गुदमरत असते. शाळेचे नाव आणि मुलाचे सांगणे, यांत निवड करण्याची वेळ आली की दोन तासांसाठी का होईना, नावाकडे कल जातो. ‘आधी विश्वस्तांना विचारू’, ‘उद्या सभा घेऊ’, ‘पालकांना समजावू’. ते दोन तास मग दोन दिवस होतात. साठ वर्षांनी मिळवलेले नाव अशा वेळी शाळेला मदत करू शकते किंवा तिचा गळाही धरू शकते. प्रसंग येण्यापूर्वी विश्वस्तांनी शांत डोक्याने ठराव करून ठेवावा की अशी तक्रार आल्यास मुख्याध्यापकांनी कोणाचीही परवानगी न घेता त्याच दिवशी पोलिसांना कळवावे. त्या दिवशी धैर्य गोळा करत बसण्यापेक्षा आज नियम करणे सोपे आहे.

आणखी एक नाजूक गोष्ट. अशा स्मरणिकांत मार खाल्ल्याच्या आठवणी मोठ्या कौतुकाने येतात. गुरुजींची छडी, अंगठे धरून उभे राहणे, कान पिळणे. आणि शेवटी, ‘त्यामुळेच आज घडलो’ असे कृतज्ञतेचे वाक्य. त्या कृतज्ञतेत खोट नाही. पण स्मरणिकेत लेख पाठवतात ते टिकून राहिलेले विद्यार्थी. छडीच्या भीतीने तिसरीत शाळा सोडलेल्या मुलाचा लेख कोणत्याही स्मरणिकेत येत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने, कलम १७ प्रमाणे, शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी घातली आहे. सुरक्षेच्या दृष्टीने याला मोठा अर्थ आहे. जे मूल गुरुजींना घाबरते, ते आपल्यावर बेतलेले संकट गुरुजींना कधीच सांगणार नाही. त्याच्यापुरता सांगण्याचा जिना तिथेच बंद होतो.

मग शाळेने करायचे काय? उत्तरे साधी आहेत आणि बरीचशी बिनखर्चाची आहेत. जिना आणि बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या असाव्यात. जुने बाक, फळे, गॅदरिंगचे पडदे तिथे साठवू नयेत. शाळा भरलेली असताना बाहेर पडण्याच्या दाराला बाहेरून कुलूप नसावे. स्वयंपाकाची जागा वर्गापासून वेगळी आणि पक्क्या छपराची असावी. दर सत्रात एकदा घंटा वाजवून सगळी शाळा किती मिनिटांत मैदानात येते ते पाहावे, आणि मैदानात आल्यावर हजेरीपटावरून मुले मोजावीत. पहिलीच्या मुलांना कोण उतरवणार, कुबडी घेऊन चालणाऱ्या मुलाला कोण उचलणार, हे नावानिशी ठरलेले असावे. ‘सगळे मिळून पाहू’ म्हटले की त्या गोंधळात कोणीच पाहत नाही.

माणसांच्या बाबतीतही तेवढेच काटेकोर असावे. शिक्षक, शिपाई, सफाई कामगार, बसचालक, खेळाचे प्रशिक्षक, कंत्राटी किंवा कायम, प्रत्येकाची पोलीस पडताळणी व्हावी. लहान मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कामी महिला मदतनीस असाव्यात. बंद खोलीत एक मोठा माणूस आणि एक मूल, असा प्रसंग शाळेत येऊच नये. शिकवणीसाठी नाही आणि शिक्षेसाठीही नाही. हा नियम सर्वांना सारखा असला की त्यात कोणाचा अपमान राहत नाही, आणि सज्जन शिक्षकालाही त्याचे संरक्षण मिळते. महाराष्ट्रात २०२२ पासून शाळांमध्ये सखी सावित्री समिती स्थापन करण्याचे शासनाचे आदेश आहेत. समितीचा फलक भिंतीवर लावणे सोपे आहे. तिच्या सदस्यांचे चेहरे दुसरीतल्या मुलीला ओळखू येतात का, ही खरी परीक्षा. कॅमेरे लावावेत, पण कॅमेरा घडून गेलेले दाखवतो. घडण्यापूर्वी पाहतो तो जागा असलेला माणूस.

घराचाही यात वाटा आहे, आणि तो शाळेपेक्षा कठीण आहे. मराठी घरांत मुलांना पहिला संस्कार ‘मोठ्यांचे ऐकावे’ असा मिळतो. संस्कार चांगलाच आहे. त्याला एक जोड हवी. मोठा माणूस अंगाला नको तसा हात लावील, गुपित ठेवायला सांगेल, भीती घालील, तर त्याचे ऐकायचे नाही, तिथून पळायचे आणि घरी येऊन सांगायचे, हेही संस्कारातच यावे. मुलांना शरीराच्या सर्व अवयवांची नावे सांगावीत. ज्याला नाव माहीत नाही, त्याविषयी मूल तक्रार तरी कशी करणार? आणि मूल सांगू लागले की पहिल्या वाक्याला ‘काहीतरीच बोलू नकोस’ हे उत्तर येऊ नये. मुले अशी गोष्ट बहुधा एकदम सांगत नाहीत. शाळेत जायला टाळाटाळ, उगाच पोटदुखी, झोपेत दचकणे, एखाद्या काकांचे किंवा सरांचे नाव निघताच गप्प होणे, अशा आडवाटांनी ती सांगतात. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक घरात फ्रीजवर लिहिलेला असावा आणि मुलांना पाठ असावा.

माजी विद्यार्थ्यांसाठी एक विनंती उरते. हीरक महोत्सवी निधीतून काय उभारावे, यावर अशा वर्षी उत्साहाने चर्चा होते. प्रवेशद्वार, कमान, सभागृह, देणगीदारांची संगमरवरी पाटी. दुसरा जिना असे कोणी सुचवत नाही, कारण त्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही. तरीही ज्या शाळेला एकच जिना आहे, तिच्यासाठी दुसऱ्या जिन्याइतके मोठे दान नाही. अभियंता झालेल्या माजी विद्यार्थ्याने वर्षातून एक दिवस येऊन इमारत तपासावी. वकील झालेल्याने शिक्षकांना कायदा समजावून द्यावा. डॉक्टर झालेल्याने प्रथमोपचार शिकवावेत. अग्निशमन दलात असलेल्याने लाल नळकांडे कसे वापरायचे ते सहावीतल्या मुलांच्या हातात देऊन दाखवावे. शाळेचे ऋण फेडण्याची याहून नेमकी रीत सापडणे कठीण.

कुंभकोणमात त्या मुलांचे स्मारक आहे. दर १६ जुलैला आईबाप तिथे फुले घेऊन जातात. ती मुले आज जिवंत असती तर पंचविशी–तिशीत असती आणि कदाचित स्वतःच्या लेकरांना शाळेच्या दारापर्यंत सोडायला आली असती. त्यांची नावे मराठी मुलखात कोणाला ठाऊक नाहीत. त्यांच्यासाठी येथून करता येईल असे एक काम मात्र आहे. आजचा मेळावा संपल्यावर, भोजनाकडे वळण्यापूर्वी, प्रत्येक पालकाने एकदा आपल्या मुलाच्या वर्गात जावे, त्याच्या बाकावर बसावे, आणि तिथून उठून मैदानापर्यंत चालत यावे. वाटेत दार कोणत्या बाजूला उघडते, जिना किती रुंद आहे, पायऱ्यांवर काय ठेवले आहे, हे पाहावे. जे खटकेल ते उद्या सकाळी मुख्याध्यापकांना लेखी कळवावे, आणि शाळेने त्याचे लेखी उत्तर द्यावे. साठ वर्षांच्या या शाळेचे एकसष्टावे वर्ष त्या पत्रांनी सुरू व्हावे.